विम्याचे कार्ड आणि उपचार करणारे हात
दिव्यांगांसाठी फिजिओथेरपी केंद्र सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी काही विचार

योहानलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा कुंडाशेजारी पडून असलेल्या, अडतीस वर्षे आजारी असलेल्या एका माणसाची हकिगत आली आहे. कुंड अगदी जवळ होते. परंतु त्या पाण्यात आपल्याला उतरवणारे कोणीच नाही, ही त्याची व्यथा होती. प्रभू येशूने त्याची विचारपूस केली, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि मग त्याला उभे केले.

आपल्या दिव्यांग बांधवांच्या परिस्थितीचा विचार करताना आम्हाला या हकिगतीचे स्मरण होते. शासनाच्या आरोग्यविमा योजना आहेत, अनेक कुटुंबांच्या कपाटात त्यांची कार्डेही आहेत; मात्र त्या कार्डाच्या आधारे नियमित व्यायामोपचार देणारा माणूस घराजवळ नाही. फिजिओथेरपीची पदवी घेतलेले अनेक तरुण-तरुणी आज आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात अशा कुटुंबांसाठी केंद्र काढण्याचा विचार आला, तर काय काय ध्यानात घ्यावे लागेल याची मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

उपचारांत खंड का पडू नये

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत व त्यांपैकी जवळजवळ ६९ टक्के ग्रामीण भागात राहतात. उपचारांची मोठी केंद्रे मात्र शहरांत आहेत. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. हाजी अली येथील केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही त्याच दशकातील. ही केंद्रे उत्तम आहेत. परंतु वसई-विरारच्या एखाद्या गावातून दहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन रिक्षा, पूल, फलाट आणि लोकलची गर्दी पार करीत आठवड्यातून दोनदा तेथे पोहोचणे कोणत्या मातेला जमेल? पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील मातेची तर गोष्टच वेगळी.

मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, झालेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. मेंदूला झालेली मूळ इजा वाढत जात नाही, परंतु शरीरावरील तिचे परिणाम बदलत जातात. मूल वाढते, हाडे लांब होतात. ताठरलेले स्नायू मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. हळूहळू सांधे आखडतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते, काहींचा खुबा जागेवरून सरकतो. फिजिओथेरपीने मेंदूची इजा भरून निघत नाही. तरीही योग्य बैठक, उभे राहण्याचा सराव, योग्य स्प्लिंट आणि रोजच्या कामांचा पुनःपुन्हा अभ्यास यांमुळे मुलाला स्वतः बसता येणे, घास तोंडापर्यंत नेता येणे, आधाराने चार पावले टाकता येणे शक्य होऊ शकते. शस्त्रक्रिया एकदा होते. हे उपचार मात्र वर्षानुवर्षे चालतात. खर्चाचा खरा भार येथेच असतो.

कोणता विमा काय देतो

येथे लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना आणि महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. रुग्णालयांची यादी ठरलेली असते. कार्डावर पाच लाखांचे संरक्षण असले, तरी दर आठवड्याला बाहेरून येऊन घ्यायच्या फिजिओथेरपीचा खर्च त्यातून मिळत नाही. त्यामुळे या योजनांच्या भरवशावर छोटे केंद्र उभे राहू शकत नाही.

राज्य कामगार विमा योजनेत नोकरदार व त्यांच्या कुटुंबीयांना मुख्यत्वे त्या योजनेच्याच दवाखान्यांत व रुग्णालयांत सेवा मिळते. तीही खाजगी लहान केंद्राच्या फारशी कामाची नाही.

आपल्या विषयाला खरी लागू पडणारी योजना म्हणजे निरामय. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ साली झाला. त्याखालील न्यासाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी २००८ साली ही विमा योजना सुरू केली. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही. जन्मजात व्यंग आहे म्हणून कोणाला नाकारले जात नाही. बाह्यरुग्ण उपचारांचा, तसेच फिजिओथेरपीसारख्या सातत्याने चालणाऱ्या उपचारांचा तीत समावेश आहे. मुख्य म्हणजे उपचार ठरावीक रुग्णालयांतच घेतले पाहिजेत अशी अट नाही. गावातील पात्र फिजिओथेरपिस्टची सेवा घेऊन कुटुंब दावा करू शकते ते यामुळेच.

मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. एक लाखाची रक्कम वेगवेगळ्या उपचारांत विभागलेली आहे आणि नियमित थेरपीच्या वाट्याला तिचा लहानसा हिस्सा येतो. कार्डाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. सर्वांत कठीण बाब म्हणजे कुटुंबाने आधी स्वतः पैसे भरायचे आणि मग दाव्याद्वारे ते परत मिळवायचे. ज्याच्या हाती महिन्याच्या शेवटी दोनशे रुपये उरत नाहीत, त्याला ही योजना कागदावरच लाभते.

नोंदणी, जागा आणि साहित्य

स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्या फिजिओथेरपिस्टने प्रथम राज्य परिषदेकडील आपली नोंदणी चालू असल्याची खात्री करून घ्यावी. फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला असून त्याखालील नियमांकडेही लक्ष ठेवावे लागते. एखाद्या न्यासाने वा संस्थेने दिव्यांगांसाठी केंद्र चालवायचे ठरवले, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार संस्थेची नोंदणी आवश्यक असते. याशिवाय दिव्यांगांच्या संघटना, त्यांच्या पालकांच्या संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांना राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी करता येते. अशा नोंदणीकृत संस्थेमार्फत निरामयचे अर्ज भरले जातात. एकट्या फिजिओथेरपिस्टने हे सर्व आपल्या शिरावर घेण्यापेक्षा जवळच्या नोंदणीकृत संस्थेशी सहकार्य करणे श्रेयस्कर.

जागा तळमजल्यावरच असावी. आपल्याकडे पावसाळ्यातील पाण्याच्या भीतीने घरांचे जोते उंच बांधतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी असे प्रमाण धरतात. म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट उतार लागेल. अंगणात तेवढी जागा आहे का, हे भाडे ठरवण्यापूर्वीच पाहावे. दार सुमारे तीन फूट रुंद हवे आणि शौचालयात चाकाची खुर्ची वळली पाहिजे. दिव्यांगांसाठी केंद्र काढून त्याच्या दारात तीन पायऱ्या ठेवणे हा विनोद नव्हे, तो अन्याय आहे.

साहित्याच्या बाबतीत नवोदितांना महागड्या विद्युत यंत्रांचा मोह होतो. पाठदुखीच्या रुग्णांसाठी काही यंत्रांचा उपयोग होत असेल, परंतु या मुलांना प्रामुख्याने हालचालीचा सराव हवा असतो. जाड गादी, मोठा चेंडू, समांतर दांड्या, उभे राहण्याची चौकट, मोठा आरसा, निरनिराळ्या उंचीची बाके आणि पायऱ्यांचा छोटा संच एवढ्यावर उत्तम सुरुवात होते. चौकटी, बाके व दांड्या गावातील सुतार आणि वेल्डर योग्य मापे दिल्यास तयार करून देऊ शकतात.

बालरुग्णांसोबत काम करताना उपचारांच्या वेळी आई, वडील किंवा पालक समोर असावेत. हा नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि उपचार करणाऱ्याच्याही.

पैशांचे गणित

सद्भावनेने केंद्र सुरू होते, परंतु हिशेबाअभावी ते बंद पडते. म्हणून एक काल्पनिक उदाहरण मांडतो.

समजा एका बैठकीचे शुल्क ३०० रुपये आहे. मूल आठवड्यातून दोनदा आले तर पन्नास आठवड्यांत १०० बैठका होतील आणि खर्च ३०,००० रुपयांवर जाईल. विम्यातील थेरपीचा वाटा याला पुरत नाही. आता दुसरी रीत पाहू. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे सुमारे २४ बैठका घ्याव्यात आणि त्या काळात माता-पित्यांना घरचा सराव नीट शिकवावा: मुलाला कसे बसवावे, कसे उचलावे, जेवताना पाय कशावर टेकवावेत. पुढील नऊ महिने पंधरा दिवसांतून एकदा येऊन प्रगती तपासावी. त्या सुमारे १८ बैठका. एकूण ४२ बैठका व १२,६०० रुपये. प्रत्येक मुलाची गरज निराळी असते आणि ती तज्ज्ञानेच ठरवायची आहे. तथापि दिशा स्पष्ट आहे. आठवड्यातले दोन तास केंद्राचे असतात, उरलेला सगळा वेळ घराचा असतो. म्हणून घराला शिकवणे हाच मुख्य उपचार होय.

दुसरा प्रश्न आधी भरावयाच्या पैशांचा. अशी दहा मुले महिन्याला प्रत्येकी आठ बैठका घेत असतील, तर महिन्याचे २४,००० रुपये होतात. दावे मंजूर होण्यास तीन महिने लागले, असे धरल्यास ७२,००० रुपये अडकून पडतात. नवख्या फिजिओथेरपिस्टने ही रक्कम सोसायची म्हटल्यास तो सहा महिन्यांत शहराकडे परत जाईल. या उणिवेवर धर्मग्रामाचा फिरता निधी हा उपाय आहे. संत विन्सेंट दि पॉल सोसायटीसारख्या मंडळाने शुल्क प्रथम भरावे आणि दाव्याचे पैसे मिळाल्यावर कुटुंबाने ते निधीत परत करावेत. तीच रक्कम पुन्हा दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे केवळ विमाधारकांवर केंद्र चालत नाही. गुडघेदुखीने त्रस्त बागायतदार, खांदा धरलेले कोळी बांधव, अर्धांगवायूतून सावरणारे वडीलधारे असे पूर्ण शुल्क देणारे रुग्णही केंद्रात आले पाहिजेत. मात्र सर्वांची रांग एक व खोली एकच असावी. विम्यावर येणाऱ्यांना उरलेल्या वेळेत बोलावणे आमच्या मते दिव्यांगाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही.

कागदपत्रे आणि सचोटी

दावा फेटाळला जाण्याचे कारण बहुधा आजारात नसते, ते कागदात असते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड, चालू वर्षाचे निरामय कार्ड, डॉक्टरांनी थेरपी सुचवल्याची चिठ्ठी, मूळ पावत्या आणि बँक खात्याचा तपशील हे सारे एका फाइलमध्ये असावे. पावतीवर रुग्णाचे नाव, प्रत्येक बैठकीची तारीख, शुल्क, फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक व सही हवी. कागद वेळच्या वेळी पाठवावेत आणि त्यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. आठवड्यातील एक दुपार केवळ या कामासाठी राखून ठेवावी. निवृत्त शिक्षक वा बँक कर्मचारी हे काम आनंदाने करतील.

मूल अठरा वर्षांचे झाले की आणखी एक बाब पुढे येते. त्यानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आपल्यामागे या मुलाचे कोण, हा प्रश्न प्रत्येक आईच्या उशाशी असतो. त्याचे उत्तर वेळीच शोधण्यास केंद्राने कुटुंबाला प्रवृत्त करावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हाला भाग आहे. न झालेल्या बैठकीची पावती देणे, शुल्क फुगवून लिहिणे, एकाच्या कार्डावर दुसऱ्याचे उपचार दाखवणे हे दयेपोटी केले तरी सातव्या व आठव्या आज्ञेचा भंगच आहे. शिवाय अशी एक खोटी पावती उघडकीस आली की दहा खऱ्या दाव्यांवर संशय येतो आणि त्याचा फटका त्या मुलांनाच बसतो.

धर्मग्रामाने काय करावे

प्रथम गणना करावी. आपल्या धर्मग्रामात दिव्यांग व्यक्ती किती, प्रमाणपत्र कोणाकडे आहे, निरामय कार्ड कोणाकडे आहे व कोणाचे नूतनीकरण राहिले आहे, याची यादी समूहांमार्फत महिनाभरात होऊ शकते. ती करताना कॅथलिक कुटुंबांपुरते थांबू नये. शेजारच्या पाड्यावरील मूलही आपलेच आहे. काही घरांत असे मूल आतल्या खोलीत ठेवले जाते, पाहुण्यांसमोर आणले जात नाही. तेथे अर्जाआधी सहानुभूतीने भेट देण्याची गरज असते.

दुसरे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रिकामे असणारे एखादे सभागृह वा शाळेची तळमजल्यावरील खोली अल्प भाड्याने द्यावी. तिसरे, फिरत्या निधीची सुरुवात करावी व त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. चौथे, फिजिओथेरपिस्टला योग्य मोबदला मिळेल हे पाहावे. सेवाभावाच्या नावाखाली तज्ज्ञाचे श्रम फुकट मागणे न्यायाला धरून नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात दयाळू शोमरोनीच्या दाखल्याचा सविस्तर विचार केला आहे. त्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवले, खाणावळवाल्याला पैसे दिले आणि अधिक लागल्यास परतताना देईन, असा शब्दही दिला. उपचार, वाहतूक, खर्च आणि पुढील जबाबदारी या चारही गोष्टी त्याच्या दयेत होत्या. दरवर्षी ३ डिसेंबर रोजी जागतिक दिव्यांग दिन पाळला जातो. तोपर्यंत प्रत्येक धर्मग्रामाने किमान आपली यादी पूर्ण करावी आणि एखाद्या तरुण फिजिओथेरपिस्टला बोलावून ती त्याच्या हाती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. प्रभू अशा कार्याला हातभार लावणाऱ्या सर्वांना आशीर्वाद देवो.