गाडी पाठ फिरवते तेव्हा

नेरळहून माथेरानची गाडी सुटली तेव्हा सकाळचं कोवळं ऊन माझ्या मांडीवर होतं. थोड्या वेळाने ते समोरच्या बाकावर गेलं, मग डब्याच्या पलीकडच्या खिडकीत आणि काही वळणांनंतर पुन्हा माझ्याकडे आलं. समोर बसलेल्या लहान मुलीने खाली बोट दाखवत विचारलं, "आई, आपण परत नेरळला चाललो का गं?" तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्या क्षणी आमच्या इंजिनाची माथेरानकडे चक्क पाठ होती.

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर आहे आणि माथेरान 800 मीटरवर. पक्ष्याच्या वाटेने दोन्हींत सहा-सात किलोमीटरचं अंतर. एवढ्यात साडेसातशे मीटर चढायचे म्हणजे दर नऊ मीटरला एक मीटर चढ. साध्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीला तो झेपत नाही. म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत 20-21 किलोमीटर लांब केले आहेत. त्यामुळे सरासरी चढ सत्तावीस मीटरला एक मीटर इतका सौम्य झाला. सर्वांत अवघड टप्प्यांवर मात्र तो अजूनही वीस मीटरला एक आहे.

गाडीला चढाचं एवढं वावडं का? कारण तिचा सगळ्यात मोठा गुणच इथे आडवा येतो. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ते अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. ना चाक दबत, ना रूळ. त्यामुळे सपाटीवर एक टन वजनाचा डबा चालता ठेवायला दोनेक किलोचा जोर पुरतो. रबरी टायरच्या गाडीला त्याच वजनासाठी दहा किलो किंवा त्याहून जास्त लागतो. रेल्वे स्वस्तात माल वाहते ती या गुळगुळीतपणामुळे.

आता तोच डबा चढावर न्या. शंभर मीटरला एक मीटर, म्हणजे पायी चालणाऱ्याला कळणारही नाही एवढ्या चढावर, गुरुत्वाकर्षण त्याला टनामागे दहा किलोने मागे खेचतं. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात सदतीस मीटरला एक मीटर चढ आहे. तिथे ही ओढ टनामागे 27 किलो होते आणि माथेरानच्या वीसला एक चढावर 50 किलो. बोरघाटात हजार टनांची गाडी असेल तर 27 टनांचा जोर नुसता ती मागे घसरू नये म्हणून लागतो. कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात ती यासाठी. इंजिनात ताकद कितीही असो, चाकाची पकड मर्यादितच. कोरड्या रुळावर ती चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाव भाग असते आणि पावसात, ओल्या पाल्यावर फारच कमी होते. चाक जागच्या जागी गरगर फिरू लागतं. मग चाकापुढे रुळावर वाळू सोडावी लागते. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनावर वाळूची पेटी होती, आजच्या विजेच्या इंजिनावरही ती आहे.

म्हणून रेल्वेचा इंजिनिअर लांबी देऊन उंची विकत घेतो. पण वळणंही फुकट मिळत नाहीत. आगगाडीची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, एकाने जास्त आणि एकाने कमी फिरायची सोय नसते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब पडतो. अर्धवर्तुळाकार वळण घेतलं, तर माथेरानच्या 610 मिलिमीटरच्या रुळांवर हा फरक साधारण 1.9 मीटर येतो आणि मुंबई-पुण्याच्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर 5.3 मीटर. वळण लहान असो की मोठं, हा आकडा बदलत नाही. लहान वळणात तोच फरक थोड्या अंतरात भरून काढावा लागतो, एवढंच. चाकांना उतरती कड ठेवून थोडा फरक सांभाळला जातो, उरलेला घासून जातो. वळणावर ऐकू येणारी कर्कश किंकाळी या घासण्याची असते. म्हणूनच वळणावर चढ मुद्दाम थोडा कमी ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे.

माथेरानला अरुंद रूळ का, याचं एक मोठं कारण यात सापडतं. इथली काही वळणं 18 मीटर त्रिज्येची आहेत, एखाद्या वाड्याच्या अंगणात मावतील एवढी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशातून, सोळा लाख रुपये खर्चून, हा मार्ग बांधला आणि 1907च्या मार्चमध्ये गाडी सुरू झाली. सुरुवातीच्या चार जर्मन इंजिनांत टोकाच्या आसांभोवती पोकळ नळी होती. चाकं त्या नळीवर बसवलेली, त्यामुळे वळणावर ती किंचित बाजूला सरकत, तिरकी होत. ही युक्ती मला साऱ्या मार्गातली सर्वांत देखणी वाटते. वाटेत घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव आहे. तो घातला नसता, तर गाडीला तिथे उलट-सुलट जावं लागलं असतं. माथ्याजवळ पोहोचल्यावरही गाडी सरळ बाजारात शिरत नाही. आधी पॅनोरमा पॉइंटच्या अंगाने फिरते आणि मग वळून बाजाराकडे येते.

उलट-सुलट जाणं बोरघाटाने मात्र सहा दशकांहून जास्त काळ सोसलं. जेम्स बर्कली यांनी आखलेला हा मार्ग एप्रिल 1863मध्ये खुला झाला. पंचवीसेक किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढ आणि 25 बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेलं. सुरुंग लावून कडे फोडणाऱ्या हजारो मजुरांचं श्रेय मात्र कुठे नावानिशी वाचायला मिळत नाही, याची मला खंत वाटते. खंडाळ्याजवळ वळण घ्यायला डोंगराने जागाच दिली नाही. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी कड्यालगतच्या बंद टोकात शिरायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि आतापर्यंत शेवटचा असलेला डबा पहिला होऊन गाडी निघायची. विजेची इंजिनं येण्याच्या सुमारास, 1929मध्ये, नवा मार्ग झाला आणि हे थांबलं.

स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डच्या 1882च्या मार्गावर पाठ फिरवण्याचा हाच खेळ डोंगराच्या पोटात चालतो. वासेन गावचं छोटं पांढरं चर्च इटलीकडे निघालेल्या प्रवाशाला तीनदा दिसतं. आधी डोक्यावर, मग समोर, मग पायाखाली. मधल्या वेळी गाडी इटलीकडे पाठ करून धावत असते. 2016पासून पायथ्याशी 57 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे लांबच्या गाड्यांना फारसं चढावं लागत नाही. आपल्या कोकण रेल्वेनेही चढण्याऐवजी डोंगर पोखरणं पत्करलं. तिथे चढ दीडशेला एकहून जास्त नाही.

उतरताना मात्र हाच चढ कामाला येतो. पुण्याहून बोरघाट उतरताना गाडी मंकी हिलसारख्या ठिकाणी थांबते. ना फलाट, ना फेरीवाला, प्रवासी कंटाळतात. तिथे मुख्य मार्गाला कॅच सायडिंगचा फाटा आहे. तो कर्जतकडे जात नाही, डोंगरावर चढून बंद होतो. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर आपोआप मंदावावी म्हणून तो बांधला आहे. सांधा एरवी त्या चढाकडेच लावलेला असतो. गाडी पूर्ण थांबून ब्रेक ठीक असल्याचं दिसलं, की मगच तो कर्जतकडे वळवतात.