साहित्याच्या मध्यभागी कोण?

केनिया १९६३ साली ब्रिटिश राजवटीतून मुक्त झाला. परंतु नैरोबीच्या विद्यापीठ महाविद्यालयात साहित्य म्हणजे इंग्लंडचे साहित्य, ही समजूत कायम राहिली.

ऑक्टोबर १९६८ मध्ये न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५), हेन्री ओवूर-अन्युंबा आणि ताबान लो लियोंग या तिघांनी इंग्रजी विभागच रद्द करावा, असे टिपण मांडले. त्यावर मोठा वाद झाला. विद्यार्थी बंधु-भगिनींनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्रजी पुस्तके फेकून द्या, असे या तिघांचे म्हणणे नव्हते. मध्यभागी आफ्रिका असावी, लोकांच्या मौखिक वाङ्मयालाही अभ्यासात मानाचे स्थान मिळावे आणि तेथून कॅरिबियन, युरोपीय साहित्याकडे पाहावे, ही त्यांची मागणी होती. पुढे इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला.

परंतु अभ्यासक्रम बदलला म्हणजे काम संपले काय? १९७७ साली राज्यकर्त्यांवर कठोर टीका करणारी न्गुगींची इंग्रजी कादंबरी उघडपणे प्रकाशित झाली. त्याच वर्षी शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयू भाषेत केलेले नाटक मात्र सरकारने बंद पाडले आणि वर्षअखेरीस न्गुगींना अटक झाली. खटल्याविना ते सुमारे वर्षभर तुरुंगात होते. तेथेच शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयू कादंबरी लिहिली.

विद्यापीठातील वाद चार भिंतींत राहतो, तोवर सत्तेला त्याची फारशी भीती नसते. तो श्रमणाऱ्यांच्या भाषेत उतरला की सत्ता सावध होते. म्हणून आपले शिक्षण कोणाच्या भाषेत आणि कोणासाठी बोलते, हा प्रश्न प्रत्येक पदवीधराने स्वतःला विचारला पाहिजे.