नांदता पन्हाळा

कोल्हापूरकराला पन्हाळा नीट बघायचा तर घरी पाहुणा यावा लागतो. एरवी पन्हाळा म्हणजे संध्याकाळी अचानक सुचलेली गोष्ट. कुणीतरी म्हणतं, "चला, पन्हाळ्याला जाऊन येऊ," आणि दोन मोटारसायकली निघतात. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, मग वळणं. जेमतेम वीस किलोमीटर. वर गार वारा, पिठलं-भाकरी, खरडा, दही, एखादं भाजलेलं कणीस आणि अंधार पडला की परत. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की गाडी ठरते, गाईड ठरतो आणि दोन तासांत 'पॉइंट' उरकले जातात. दोन्ही तऱ्हांमध्ये एक गोष्ट हटकून निसटते. पन्हाळा हा फक्त गड नाही, ते गाव आहे. आणि ते गडाच्या पायथ्याला वसलेलं नसून तटाच्या आत आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गडांवर आता जोती, टाकी आणि वारा एवढंच उरलंय. पन्हाळ्यावर मात्र सुमारे तीन हजार माणसं राहतात. राज्यातल्या सर्वांत छोट्या नगरपरिषदांपैकी एक इथली. तालुक्याचं ठाणं इथेच, त्यामुळे तहसील कचेरी आणि कोर्टही गडावर. खालच्या वाड्यांतून दाखल्यासाठी, तारखेसाठी माणसं एसटीने वर येतात. त्यांना शिवकाळाशी काही देणंघेणं नसतं. साहेब जाग्यावर आहेत का, एवढंच त्यांना हवं असतं. मला पन्हाळ्याची ही बाजू फार आवडते. युरोपात तटबंदीच्या आतली गावं पाहायला जगभरातून माणसं जातात. पण दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनच्या जुन्या तटात आज कायमचे रहिवासी मूठभर उरलेत, बाकी सगळी दुकानं आणि हॉटेलं. आपल्याकडे जैसलमेरच्या किल्ल्यात हजारो लोक राहतात, तसाच हा पन्हाळा.

म्हणून इथे यायचं तर मुक्कामाला यावं. यात्री निवास आणि हॉटेलं भरपूर आहेत. सकाळी सातला, पर्यटकांच्या गाड्या चढण्याआधी, पायी निघावं. तटाचा घेर सात किलोमीटरच्या वर आहे आणि त्याचं अर्धं काम कड्यानेच केलंय. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की दहा हातांवरचं दिसत नाही. फोटो काढणाऱ्यांची निराशा होते, चालणाऱ्यांची होत नाही.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड बांधला. पुढे देवगिरीच्या यादव सिंघणाने भोजाला हरवलं, मग बहमनी आले, मग विजापूरची आदिलशाही. आज जे दगडकाम आपण पाहतो त्यातलं बरंचसं आदिलशाहीतलं आहे. शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, गड घेतला. एवढा इतिहास शाळेत झालेला असतो. शाळेत न झालेला इतिहास अंबरखान्यात आहे.

अंबरखाना म्हणजे धान्यकोठार. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, भोवती खंदक. यातली गंगा कोठी सर्वांत मोठी: सुमारे साडेनऊशे चौरस मीटर जागा, पस्तीस फूट उंची आणि २५,००० खंडी धान्याची सोय, असं जुन्या नोंदी सांगतात. दारातून आत शिरलं की डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. मग एकेक कमान उमटू लागते. सोळा खण, प्रत्येक खणावर त्याचा स्वतंत्र चपटा घुमट आणि प्रत्येक घुमटात वर एक भोक. बाहेरच्या पायऱ्यांनी धान्याची पोती छतावर न्यायची आणि या भोकांतून आत ओतायची. भिंतींची जाडी अशी, की भर उन्हाळ्यातही आत गारवा. गाईड इथे एक टाळी वाजवून आवाज घुमवून दाखवतो आणि पुढे चालू लागतो. त्याला जाऊ द्यावं. आपण थोडं थांबून हिशेब करावा, की एवढी नागली, वरी आणि भात इथवर चढवला कुणी? कुठल्या गावच्या बैलांनी? गड लढवणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. गड भरणाऱ्यांची नोंद कुठे सापडत नाही.

मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. जुलैपर्यंत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक, तो उठला नाही. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी आदिलशाही फौजेला तोफा आणि दारूगोळ्याची मदत केली. गडावर गोळे डागताना त्यांनी आपलं निशाणही फडकावलं. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटून त्या वखारवाल्यांना कैद केलं, तो त्याचाच हिशेब. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पाऊस सुरू झाला, तरी जौहर हलला नाही. या सगळ्या काळात आतली फौज, जनावरं, गडकऱ्यांची कुटुंबं जगली ती या कोठारांवर आणि गडावरच्या पाण्यावर.

पाण्याची गोष्ट अंधारबावडीत पाहावी. तीन दरवाजाच्या जवळ ही तीन मजली इमारत आहे. बाहेरून पाहिलं तर विहीर आहे असं वाटतच नाही. आत वळणाचा जिना, कोनाडे, पहारेकऱ्यांना बसायला जागा आणि सगळ्यात खाली पाणी. वेढ्यात शत्रूचा पहिला डाव पाणी तोडण्याचा किंवा त्यात विष कालवण्याचा, म्हणून आदिलशाहीत विहिरीवर इमारतच चढवली. मधल्या मजल्यावर तटाबाहेर उघडणारी वाटही आहे. विहीर, चौकी आणि चोरवाट, तिन्ही एकाच बांधकामात. शेजारचा तीन दरवाजा गडावरचं सगळ्यात देखणं काम. दरवाजा, मग आतलं अंगण, मग पुन्हा दरवाजा. वरच्या कोरीवकामाकडे आणि इब्राहीम आदिलशहाच्या काळातल्या फारसी शिलालेखाकडे मान वर करून पाहावं लागतं. बहुतेकांच्या माना मोबाईलकडे असतात, पण तो मुद्दा वेगळा.

महाराज या वेढ्यातून ज्या वाटेने बाहेर पडले ती राजदिंडी गडाच्या दुसऱ्या अंगाला, झाडीत. १२ जुलै १६६० ची रात्र, पाऊस, बरोबर सुमारे सहाशे मावळे. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद. ते पायथ्याच्या नेबापूरचे. त्यांचं स्मारक तिथेच आहे. पन्हाळ्याला जाऊन नेबापूरला न थांबणं मला बरं वाटत नाही. बाजीप्रभूंचा पुतळा गडाच्या तोंडाशी, भर चौकात आहे, तो कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

त्या रात्रीची वाट आजही पायी चालता येते. दर जुलैमध्ये ठिकठिकाणची मंडळं पन्हाळा ते पावनखिंड अशी मोहीम काढतात. राजदिंडी उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठार. पठार संपता संपत नाही. पावसात त्याच्या कडेने पांढरे धबधबे लोंबकळत असतात आणि ओसरता पाऊस असला की रानफुलं. मग कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी अशा वाड्या, भाताची खाचरं, गुडघाभर चिखल, जळवा. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. सवय नसेल तर दोन दिवस धरावेत आणि रात्री वाडीतल्या शाळेत किंवा कुणाच्या सोप्यात पाठ टेकावी. बाजीप्रभूंनी लढवलेल्या घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, पोचेपर्यंत पायांना जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही. ही वाट महाराजांनी आणि मावळ्यांनी एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसाच्या काही प्रहरांत तोडली होती.

गड त्यानंतर आदिलशाहीकडे गेला. तो परत घेतला कोंडाजी फर्जंदांनी, ६ मार्च १६७३ च्या रात्री, साठ माणसांनिशी. या एका स्वारीवर जयराम पिंड्ये यांनी 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे अख्खं संस्कृत काव्य लिहिलं.

पूर्वेच्या कड्यावरची सज्जाकोठी ही संध्याकाळची जागा. खाली कोल्हापूरचं खोरं, उसाची शेतं, समोर जोतिबाचा डोंगर. संभाजीराजांना इथे ठेवलं होतं असं परंपरेने सांगितलं जातं. मोगल सरदार दिलेरखानाकडून परतल्यावर ते पन्हाळ्यावर आले, जानेवारी १६८० मध्ये बापलेकांची भेट इथेच झाली आणि एप्रिलमध्ये महाराजांचं रायगडावर निधन झालं तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. म्हणजे ती त्यांची अखेरची भेट. एवढ्या मोठ्या प्रसंगाची जागा म्हणून सज्जाकोठी तशी साधीच आहे.

मध्येच एक गंमत. २८ एप्रिल १७०१ ला इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस औरंगजेबाला भेटला, ते दिल्लीत नाही, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात, छावणीत. व्यापाराची सनद मागायला तो मोठा लवाजमा घेऊन आला होता. नजराणे दिले, महिनोन्महिने घोळ घातला आणि रिकाम्या हाताने परतला. वाटेत बोटीवरच वारला. कोल्हापूरच्या शाळांत हे शिकवत असतील तर मला ठाऊक नाही, पण शिकवायला हवं.

गड खऱ्या अर्थाने नांदू लागला तो ताराबाईंच्या काळात. मोगलांशी लढता लढता त्यांनी पन्हाळा राजधानी केली आणि १७१० मध्ये कोल्हापूरची वेगळी गादी उभी राहिली. चारच वर्षांत, १७१४ मध्ये, सवत राजसबाईंनी गडावरच सत्ता उलटवली आणि ताराबाई आपल्या मुलासह कैदेत पडल्या, त्याही पन्हाळ्यावरच. ताराबाईंच्या वाड्यात पुढे शाळा भरू लागली. दरबाराच्या जागी पाढे, हा बदल वाईट म्हणता येणार नाही. जिजाबाईंची समाधीही गडावरच. या कोल्हापूरच्या गादीवरच्या दुसऱ्या संभाजींच्या राणी. त्यांच्या मागे १७७३ पर्यंत राज्य चालवलं ते याच बाईंनी. रामचंद्रपंत अमात्यांची समाधीही गडावर आहे. त्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावं, असं स्पष्ट बजावलं आहे. अंधारबावडी पाहून आल्यावर त्या समाधीपाशी थांबलं तर ते वाक्य नुसतं उपदेशाचं वाटत नाही. कवी मोरोपंत १७२९ मध्ये या गडावर जन्मले, केशव आणि गणेश पाध्ये यांच्याकडे इथेच शिकले आणि मग बारामतीला गेले. त्यांच्या नावाचं ग्रंथालय गडावर आहे. १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात गेली आणि पन्हाळा मागे पडला.

शेजारपाजार थोडक्यात. पावनगड अगदी लगत, मधे एक खिंड. वस्ती विरळ, म्हणून शांत. जोतिबा, म्हणजे वाडी रत्नागिरी, गडावरून दिसतोच. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या, गुलाल आणि चांगभलंचा गजर. त्या दिवशी पन्हाळ्याचा बेत आखू नये, वाहतूक ठप्प असते. पराशर ऋषींची म्हणून सांगितली जाणारी लेणी गडाच्या उतारावर आहेत. सोमेश्वराचं तळं सकाळी छान.

आता गडात शिरतानाच्या त्या मोकळ्या जागेकडे येतो. प्रवासी कराचा नाका जिथे असतो तिथे कधी चार दरवाजा होता. तो काळाने पडला नाही, पाडला गेला. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांनी नवी महसुली शिस्त आणली. पिढ्यान् पिढ्या गड सांभाळण्याच्या बदल्यात जमिनी खाणाऱ्या गडकऱ्यांच्या पोटावर ती आली. सामानगडावरून ठिणगी पडली, पन्हाळाही उठला. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स त्यांनी पकडून पन्हाळ्यावर कोंडला. १ डिसेंबरला इंग्रज फौजेने तोफा लावून गड घेतला आणि पुन्हा कुणी इथून लढू नये म्हणून तटबंदी मोडली. आपण त्याला गडकऱ्यांचं बंड म्हणतो. गडावर राहणाऱ्या माणसाला गडाच्या बदल्यात काय मिळणार, हा त्यातला मूळ प्रश्न होता.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात पन्हाळा आहे. कोल्हापुरात पेढे वाटले गेले. पण नामांकनाच्या काळात गडावरचे लोक धास्तावले होते: घरं हलवणार का, दुरुस्तीला परवानगी मिळणार का, लॉजचं काय? कुणालाही उठवणार नाही, असं प्रशासनाने सांगितलं, तरी शंका पुरती गेली नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याच वेळी तटाला चिकटून उठणाऱ्या सिमेंटच्या मजल्यांच्या विरोधातही. दोन्ही मतं एकत्र नांदू शकतात. जागतिक वारशाच्या नियमांत तटाबाहेरच्या पट्ट्याचं आणि तटाच्या आतल्या बांधकामाचं व्यवस्थापन लिहून द्यावं लागतं. त्यात गडावरच्या वस्तीसाठी पाणी, गटार, वाहनतळ आणि घर दुरुस्तीची सोपी पद्धत असेल, तर लोक गड सांभाळतील. त्यांच्या आधीच्या गडकऱ्यांनीही तेच केलं होतं. जुलै २०२१ च्या पावसात चार दरवाजाजवळचा रस्ता खचला, तेव्हा मोठी वाहनं बंद झाली. पर्यटक फिरकले नाहीत. गावकऱ्यांना मात्र दूध, औषधं, शाळेची मुलं, बाळंतीण, सगळं त्याच मार्गाने वर-खाली न्यायचं होतं, आणि त्यांनी ते नेलं.