भाकिताची भाषा आणि वर्णनाची भाषा : अमेरिकन बेसबॉलच्या निमित्ताने

पुढे घडावयाच्या घटनेविषयी बोलणे आणि डोळ्यांसमोर घडत असलेल्या घटनेचे वर्णन करणे, हे भाषेचे दोन भिन्न व्यापार होत. ते दोन्ही शेजारी शेजारी पाहावयाचे असतील, तर अमेरिकेतील बेसबॉलच्या अंतिम पर्वाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. प्रस्तुत टिपणात या दोहोंतील भेद स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

प्रथम भाकिताचा विचार करू. हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने नियोजित असतात. २०२२ पासून त्यांतील १२ संघ अंतिम पर्वात प्रवेश करतात. प्रत्येक लीगमधील अग्रेसर दोन संघांना पहिल्या फेरीतून सूट मिळते. विजेतेपदासाठी त्यांना अनुक्रमे पाच, सात व सात सामन्यांच्या तीन मालिका जिंकाव्या लागतात. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची संभाव्यता ५५ टक्के आहे असे मानू. पाच सामन्यांची मालिका तो जिंकण्याची संभाव्यता मग सुमारे ५९ टक्के येते व सात सामन्यांची सुमारे ६१ टक्के. तिन्ही मालिका लागोपाठ जिंकण्याची संभाव्यता मात्र अवघी २२ टक्के उरते. म्हणजेच गृहीत अचूक असूनही, या बलिष्ठ संघाच्या बाजूने केलेले भाकीत पाचांपैकी जवळजवळ चार वेळा फसावयाचे! २००१ साली सिएटल मॅरिनर्सने ११६ सामने जिंकले, परंतु लीगच्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्क यांकीजने त्यांस पराभूत केले. २०२३ साली शंभर वा अधिक सामने जिंकलेले तिन्ही संघ आपल्या पहिल्याच मालिकेत बाद झाले आणि अंतिम लढत ९० विजयांच्या टेक्सास रेंजर्स व ८४ विजयांच्या ॲरिझोना डायमंडबॅक्स यांच्यात झाली.

या ठिकाणी व्याकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत अनुमान व निश्चय ही दोन्ही कार्ये बहुधा एकाच साहाय्यक क्रियापदावर सोपविली जातात. मराठीत ‘जिंकेल’ आणि ‘जिंकणार’ अशी दोन रूपे उपलब्ध आहेत. ‘कदाचित जिंकेल’ हा प्रयोग सहज वाटतो. ‘कदाचित जिंकणार’ कानास खटकतो. पहिल्या रूपात वक्त्याचे अनुमान व्यक्त होते, तर दुसऱ्यात घटना जणू ठरूनच गेलेली असते. संभाव्यतेचे विधान स्वभावतः ‘जिंकेल’ या कोटीतील आहे. श्रोता ते ‘जिंकणार’ असे ऐकतो आणि मग भाकीत खोटे ठरले म्हणून रुष्ट होतो.

आता वर्णनाकडे वळू. या खेळाच्या वरिष्ठ स्तरावरील सामन्याचे पहिले दूरचित्रप्रक्षेपण २६ ऑगस्ट १९३९ रोजी ब्रुकलिनमधील एबेट्स फील्डवरून झाले. निवेदक होते रेड बार्बर. नभोवाणीच्या निवेदकास सारे दृश्य शब्दांनीच उभे करावे लागे. दूरचित्रवाणीवर चित्र प्रेक्षकापुढे असतेच. त्यामुळे निवेदकाच्या मौनासही स्थान मिळाले. क्रीडानिवेदनाच्या वाक्यरचनेचा अभ्यास चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. साधा वर्तमानकाळ, अस्तिवाचक क्रियापदाचा लोप, कर्त्यास वाक्याच्या शेवटी ढकलणे, ही या बोलीची लक्षणे त्यांनी दाखविली. यांतील शेवटच्याचे कारण उघड आहे : कृती आधी दिसते, खेळाडूची ओळख पटण्यास क्षणभर अवधी लागतो.

सामना संपल्यावर मात्र तिसराच व्यापार सुरू होतो, तो म्हणजे कारणमीमांसा. सकाळी ‘जिंकेल’ असलेला संघ रात्री ‘जिंकणारच होता’ असा होतो. ‘-णार’ या प्रत्ययास ‘च’ आणि ‘होता’ यांची जोड मिळताच अनिश्चितता पुसली जाते आणि योगायोगास नियमाचे रूप येते. पाच सामन्यांच्या मालिकेवरून संघाचे बल ठरविणे आणि पाच वाक्यांच्या नमुन्यावरून बोलीचा नियम ठरविणे, यांत जातीचा फरक नाही. आपल्या प्रबंधांतील ‘जिंकणारच होता’ या कोटीची वाक्ये अभ्यासकाने स्वतःच शोधून काढणे अगत्याचे आहे.