भग्न प्रतिकृती आणि संगणक

बार्सिलोना येथील 'साग्रादा फामिलिया' म्हणजे पवित्र कुटुंबाचे महामंदिर. त्याची कोनशिला १८८२ साली बसली व पुढल्याच वर्षी आंतोनी गौदी या स्थापत्यकाराने कामाची सूत्रे हाती घेतली. १९२६ मध्ये ट्रामची धडक बसून तो मृत्यू पावला, तेव्हा मंदिराचा थोडाच भाग उभा होता. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि त्याची कार्यशाळा जाळण्यात आली. नकाशे भस्मसात झाले, प्लॅस्टरच्या प्रतिकृतींचे तुकडे झाले. मग काम पुढे न्यावयाचे कशाच्या आधारे?

आधार त्या तुकड्यांतच होता. गौदीचे वक्र आकार लहरीने घडविलेले नव्हते. वेताच्या बुटक्या बैठकीला सरळ काड्या चहूबाजूंनी तिरप्या बांधल्या, की तिचा मध्य डमरूसारखा आवळला जातो. सरळ रेषांतून निपजणारे असेच आकार त्याने योजिले. त्यांचे वर्णन मोजक्या अंकांनी होते. म्हणूनच तुकड्यावरील बिंदू मोजून मूळ आकार हुडकता येतो. परंतु असे अनेक आकार परस्परांस जेथे छेदतात, त्या रेषा कागदावर काढणे महाकष्टाचे. १९७९ पासून या कामात असलेले न्यूझीलंडचे मार्क बरी यांनी प्रारंभी ते हातानेच केले. एक अंक बदलला की सारी आकृती पुन्हा नव्याने!

१९९० च्या सुमारास संगणक मदतीस आला. मौज अशी की, इमारतींच्या नकाशांसाठी केलेल्या आज्ञावलींना हे आकार पेलवेनात. विमानांच्या रचनेसाठी केलेल्या आज्ञावली आणाव्या लागल्या. त्यांत एक अंक बदलताच त्याच्याशी निगडित सारे भाग आपोआप बदलतात. त्यामुळे अनेक पर्याय तपासून, उरलेल्या तुकड्याशी जुळणारा आकार निवडणे शक्य झाले. तीच मापे पुढे दगड कापणाऱ्या यंत्रांना पुरविण्यात आली. बांधकामात आज ही पद्धत दूरवर पसरली आहे. तरीही प्लॅस्टरच्या प्रतिकृती काही सुटल्या नाहीत, आणि ते योग्यच. पडद्यावरील आकाराभोवती माणसाला फिरून पाहता येते, पण त्याखाली उभे राहता येत नाही.

अंतर्भागाचे छत पुरे झाल्यावर ७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या हस्ते मंदिराच्या पवित्रीकरणाचा विधी झाला. कर्त्यामागे त्याचे काम इतरांनी चालवू नये, असा आक्षेप अनेक नामवंतांनी १९६५ मध्येच जाहीरपणे घेतला होता. छताच्या बाबतीत त्याला तुकड्यांनी उत्तर दिले. जेथे गौदीच्या हातचे फारसे काही उरलेले नाही, तेथे मात्र संगणकास विचारण्यासारखे काही नसते. तेथे निर्णय आजच्या स्थापत्यकारांचाच असतो, आणि तो आक्षेपही तेथे कायम आहे.