संगणकातील बिनभाड्याची बिऱ्हाडे

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सोमवारची सकाळ म्हणजे जत्राच असते. रविवारी रात्रभर तापलेली मुले, रडवेल्या आया, काळजीत पडलेल्या आज्या, आणि त्यातच लसीकरणाचा वार. २०१९ सालच्या मार्च महिन्यातील अशाच एका सकाळी आमच्या नोंदणीच्या टेबलावरून हाक आली, "मॅडम, कॉम्प्युटर परत अडकलाय बघा!" पडद्यावर ते लहानसे वर्तुळ गरगरत होते आणि बाहेर बाके भरत चालली होती. एका बाळाची जुनी नोंद उघडण्यास चार मिनिटे लागली. दुपारी दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने यंत्राकडे उभ्याउभ्या पाहून निदान सांगितले, "मशीन जुनं झालंय मॅडम, नवीन घ्या."

रुग्णास हात न लावता केलेले निदान मला माझ्या व्यवसायात कधी मानवले नाही. त्या रात्री मी स्वतःच त्या रुग्णाची तपासणी करावयास बसले. त्यातून जे शिकले, आणि शिकताना जी चूक माझ्या हातून घडली, ते दोन्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवीत आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. परंतु बेळगावातील आपल्यापैकी बहुतेकांचे दवाखाने ज्या विंडोज प्रणालीवर चालतात, तिच्यापुरते हे विवेचन उपयोगी पडावे.

प्रथम विकृतीची मीमांसा. आपण संगणकावर एखादाच कार्यक्रम उघडतो, पण पडद्याआड अनेक कार्यक्रम आपणहून चालू असतात. अशा अदृश्य सेवकांना संगणकशास्त्रात ‘डेमन’ असे जुने नाव आहे. १९६३च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनेतील अथक राबणाऱ्या सेवकावरून ते पडले. त्यांतील कित्येक खरोखरच सेवक असतात. मात्र प्रिंटरबरोबर आलेला पहारेकरी, कधीकाळी एकदाच वापरलेला व्हिडिओ-भेटीचा कार्यक्रम, गाणी ऐकविणारा, नवी आवृत्ती आली का हे सतत विचारणारा, आणि दुकानदाराने ‘फुकट’ म्हणून घालून दिलेले आणखी चार, ही सारी बिनभाड्याची बिऱ्हाडे होत. संगणक सुरू होताच ती उठतात आणि आपापली चूल मांडतात.

त्यांनी यंत्र मंद का होते? स्मृती, म्हणजे रॅम, हे आपले कामाचे टेबल समजावे आणि हार्ड डिस्क हे मागच्या खोलीतील कपाट. टेबल भरून गेले की संगणक काही कागद उचलून कपाटात ठेवतो आणि हवे तेव्हा पुन्हा आणतो. रॅममधून माहिती उचलण्यास सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात. फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवर ती शोधण्यास सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ लाखपट वेळ! यंत्राचा वेळ असा हेलपाट्यांतच जातो, आणि आपण त्याला वार्धक्य म्हणतो.

आता तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. हा आपला स्टेथोस्कोप. त्यात चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमापुढे प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांचा वापर दिसतो. ‘मेमरी’ या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त जागा अडविणारा सर्वांत वर येतो. या यादीत ‘सर्व्हिस होस्ट’ हे नाव कित्येकदा दिसून मी प्रथम घाबरले होते. तो आजार नव्हे. विंडोजच्या अनेक सेवा याच नावाखाली चालतात, आणि २०१७ पासून पुरेशी रॅम असलेल्या यंत्रांत बहुतेक सेवांना स्वतंत्र खोली दिली जाते. एखाद्या नावाविषयी शंका आल्यास त्यावर उजवी टिचकी मारून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. खरा सर्व्हिस होस्ट विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या कप्प्यात राहतो. त्याच नावाचा कोणी अन्यत्र आढळला तर तो तोतया असण्याची शक्यता मोठी.

उपचाराच्या पायऱ्या तीन. पहिली, ‘एंड टास्क’. हा तापावरील पॅरासिटामॉल समजावा. कार्यक्रम तेवढ्यापुरता थांबतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा उठतो; शिवाय त्यात न साठविलेले काम असेल तर तेही जाते. दुसरी आणि सर्वांत उपयुक्त पायरी टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या पानावर आहे. विंडोज अकरामध्ये त्याचे नाव ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’. येथे संगणकाबरोबर उठणारे कार्यक्रम, त्यांचे प्रकाशक आणि सुरुवातीवर होणारा परिणाम लो, मीडियम किंवा हाय असा दिसतो. नको असलेल्यावर उजवी टिचकी मारून ‘डिसेबल’ करावे. यामुळे कार्यक्रम पुसला जात नाही. तो आपण बोलावल्याशिवाय उठत नाही, इतकेच. चूक झाल्यास तेथेच ‘एनेबल’ करता येते.

तिसरी पायरी शस्त्रक्रियेची, म्हणून जपून. काही कार्यक्रम ‘सर्व्हिसेस’ या यादीत दडलेले असतात. विंडोजची कळ आणि आर ही अक्षरकळ दाबून ‘एमएसकॉन्फिग’ असे इंग्रजीत टाइप करावे, सर्व्हिसेसच्या पानावर जावे आणि ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ या चौकटीत खूण करावी. विंडोजच्या स्वतःच्या सेवा नजरेआड होतात, त्यामुळे त्यांना हात लागण्याची भीती राहत नाही. उरलेल्यांपैकी ज्याचे काम पक्के ठाऊक आहे आणि जे निश्चित नको आहे, तेवढेच थांबवावे. जो कार्यक्रम मुळातच नको आहे, तो सेटिंग्जमध्ये जाऊन रीतसर काढून टाकणेच उत्तम.

आता माझी चूक. त्या मार्चच्या रात्री स्टार्टअपच्या यादीतील पाच-सहा नावे मी बंद केली आणि यंत्र तरतरीत झाले. यशाने हुरूप चढला. मग जे नाव ओळखीचे वाटेना ते मी बंद करीत गेले. त्यात एक आडनिडे नाव होते. रोज रात्री दवाखान्याच्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरविण्याचे काम तेच मुकाट्याने करीत असे. प्रतिजैविकाचा सरसकट मारा केला की आतड्यातील हितकारक जंतूही मरतात, हे मी दररोज पालकांना सांगते. स्वतः मात्र नेमके तेच केले. प्रत निघत नाही म्हणून कोणी तक्रार केली नाही, कारण प्रत निघत असताना तरी ती कोणाला दिसत होती?

जुलैमध्ये, ऐन पावसात, वीज येते-जाते अशा एका दुपारी हार्ड डिस्क कायमची गेली. दुसऱ्या डिस्कवरील शेवटची प्रत मार्चची निघाली. पुढील चार महिन्यांच्या नोंदी आम्ही पालकांकडील कार्डांवरून पुन्हा लिहून काढल्या. कोणी कर्नाटकातील ‘तायी कार्ड’ आणले, चंदगडकडच्या आयांनी महाराष्ट्रातील माता-बाल संरक्षण कार्ड आणले.

ऑगस्टमध्ये महापूर आला. पूर ओसरल्यावर चिकोडी तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावाहून एक तरुण आई साडेपाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. बाळंतपण बेळगावात माहेरी झालेले. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी माझ्याकडेच दिलेल्या. सासरच्या घरात पाणी शिरून कार्ड वाहून गेले होते. ती निर्धास्तपणे म्हणाली, "कार्ड गेलं तर जाऊ दे, डॉक्टरबाई, तुमच्या कॉम्प्युटरात असंल की!"

माझ्या संगणकात काही नव्हते. लसींच्या साठ्याच्या वहीत कुप्यांचा हिशेब होता, नावे नव्हती. मुलीच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण तेवढा साक्षीला होता. लेखी नोंद नसेल तर लस दिलीच नाही असे समजून पुन्हा द्यावी, हा आपला नियम. त्याप्रमाणे त्या मुलीला महिन्या-महिन्याच्या अंतराने सारे डोस पुन्हा टोचावे लागले. पैसे मी घेतले नाहीत. पण तिच्या रडण्याचे ऋण कोणत्या खात्यात मांडावे?

म्हणून सहव्यवसायी मित्रांस काही सूचना कराव्याशा वाटतात. बंद करण्यापूर्वी यादीचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. एका दिवशी एकच नाव बंद करावे आणि आठवडाभर निरीक्षण करावे. आपण दोन नवी औषधे एकदम सुरू करीत नाही, तसेच हे. तीन सेवकांना मात्र कधीही हात लावू नये: विषाणूरोधक, विंडोजची सुधारणा-सेवा आणि नोंदींची प्रत काढणारा. सुधारणा यंत्र अडवितात म्हणून त्या बंद करण्याचा मोह होतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील संगणक ठप्प केले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. लस उपलब्ध होती, टोचली नव्हती. विंडोज दहाचे नियमित सहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, याचीही नोंद घ्यावी.

आणि प्रतिबंध उपचाराहून श्रेष्ठ, हे बालरोगतज्ज्ञाने वेगळे काय सांगावे? नवा कार्यक्रम घालताना भराभर ‘नेक्स्ट’ दाबू नये. ‘कस्टम’ हा पर्याय असल्यास तो निवडून सोबत येऊ पाहणाऱ्या पाहुण्यांपुढील खुणा काढाव्यात.

आमच्या दवाखान्यात आता दर सोमवारी, पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी, दुसऱ्या डिस्कवरील प्रत उघडून तिची तारीख पाहिली जाते आणि त्यातील एक नोंद वाचली जाते. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती चिकोडीकडची मुलगी आता शाळेत जाते. माहेरपणाला आलेल्या आईबरोबर कधी दवाखान्यात आली की दारातूनच विचारते, "आज टोचणार नाही ना?" मी नोंद उघडते, पडदा तिच्याकडे वळविते आणि सांगते, "नाही गं बाळ, सगळं लिहून ठेवलंय."