विश्लेषण : ‘युरोव्हिजन’मध्ये इस्रायल आहे, ऑस्ट्रेलियाही, मग भारत का नाही?

मे महिन्यातल्या एका शनिवारी आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबारा वाजले, की युरोपात ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धेची अंतिम फेरी सुरू होते. रोहा तालुक्यातल्या खांबमध्ये बसूनही मोबाइलवरून मत देता येते. मात्र भारताच्या गाण्याला नाही, कारण ते स्पर्धेतच नसते. असे का?

स्पर्धा कशी असते?

१९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात ७ देशांनी ही स्पर्धा सुरू केली. गाणे नवे हवे, ३ मिनिटांच्या आत संपायला हवे आणि मंचावर जास्तीत जास्त ६ जण असावेत. १९९९ पासून भाषेचे बंधन नाही. १९७४ मध्ये स्वीडनच्या ‘आबा’ने ‘वॉटर्लू’ गाऊन बाजी मारली आणि हा गट जगभर पोहोचला.

देशाचे गाणे कोण निवडते?

सरकार नव्हे, तर त्या देशाची प्रसारण संस्था. स्पर्धा भरवणारी ‘युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन’ (ईबीयू) ही अशा संस्थांचीच संघटना आहे. स्वीडनमध्ये त्यासाठी आधी देशांतर्गत स्पर्धा होते. कुठे प्रसारण संस्थाच थेट गायकाचे नाव जाहीर करते.

मग भारत का नाही?

ईबीयूचे प्रसारण क्षेत्र नकाशावरच्या युरोपापुरते नाही. भूमध्य समुद्राकाठचे देशही त्यात येतात. म्हणूनच इस्रायल १९७३ पासून स्पर्धेत आहे आणि १९८० मध्ये मोरोक्कोही गाऊन गेला. ऑस्ट्रेलियाला २०१५ मध्ये खास निमंत्रण मिळाले. आपली प्रसार भारती आशिया-पॅसिफिक विभागाच्या वेगळ्या संघटनेत आहे. उद्या निमंत्रण आलेच, तर एवढ्या भाषांच्या देशातून ३ मिनिटांचे एकच गाणे कोणत्या भाषेतले निवडायचे, हा प्रश्न दूरदर्शनपुढे उभा राहील!

रायगडचे नाते काय?

पेण, अष्टमी, अलिबाग, रेवदंडा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. म्हणजे रायगडातून गेलेल्या घरांसाठी ‘आपल्या देशाचे गाणे’ या स्पर्धेत असते. इस्रायलने ती ४ वेळा जिंकली आहे.

आपले मत कितपत मोजले जाते?

अंतिम फेरीत निम्मा निकाल संगीतातल्या जाणकार परीक्षकांचा, निम्मा प्रेक्षकांचा. प्रत्येक देशातील पसंतीच्या पहिल्या १० गाण्यांना १२, १०, ८ आणि पुढे १ पर्यंत गुण मिळतात. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. २०२३ पासून सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकही पैसे भरून ऑनलाइन मत देतात. मात्र अशा सगळ्या देशांचा मिळून प्रेक्षक-गुणांचा एकच संच धरला जातो. त्यामुळे खांबहून दिलेले मत मोजले जाते. पण त्याचे वजन फार नाही.

वाद कशामुळे?

२०२५ मध्ये इस्रायलला प्रेक्षकांकडून सर्वाधिक २९७ गुण मिळाले, परीक्षकांकडून मात्र ६०. एकूण ४३६ गुणांसह ऑस्ट्रिया जिंकला, इस्रायल दुसरा आला. एका व्यक्तीला २० मते देण्याची मुभा असल्याने संघटित मतदानाची शंका काही प्रसारण संस्थांनी घेतली. २०२६ साठी ही मर्यादा १० वर आणली गेली आणि उपान्त्य फेरीतही परीक्षक परतले. तरीही गाझातील युद्धावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी २०२६ च्या स्पर्धेतून माघार घेतली. युक्रेनवरील हल्ल्यानंतर २०२२ मध्ये रशियाला वगळले होते, मग आता वेगळा न्याय का, हा टीकाकारांचा सवाल आहे.

याचा अर्थ काय?

निर्णय प्रसारण संस्थांचे असले, तरी पडद्यावर नाव देशाचे झळकते. म्हणूनच ३ मिनिटांच्या गाण्यासोबत त्या देशाचे राजकारणही मंचावर येते. भारत उद्या तिथे गेला, तर त्यालाही हे चुकणार नाही.